सायकलचा स्पीडोमीटर घरी करताय? सेन्सर दहा रुपयांचा, बसवणं शंभराचं

पैसे वाचवायला म्हणून कुणी सायकलचा स्पीडोमीटर घरी करायला घेत असेल, तर त्याने इथेच थांबावं. वायरचा, साधा, बटण सेलवर चालणारा तयार सायकल कॉम्प्युटर ऑनलाइन साधारण तीनशे ते पाचशे रुपयांत घरपोच येतो. वेग, अंतर, सरासरी, घड्याळ असं सगळं त्यात असतं आणि एका सेलवर तो बरेच महिने चालतो. घरी केलेला मीटर हजाराच्या घरात जातो. कसा, ते पुढे येईलच.

तरीही लोक करतात, आणि करावाच. इंजिनिअरिंगच्या पोरांना प्रोजेक्ट लागतो, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला काहीतरी फिरतं-हलतं लागतं, कुणाला प्रत्येक फेरीची नोंद मेमरी कार्डावर हवी असते, तर कुणाला आजोबांच्या काळ्या अठ्ठावीस इंची सायकलवर लांबून दिसणारे ठळक आकडे हवे असतात. यातले बहुतेक जण पहिल्याच पायरीवर अडतात. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला काउंटरवर जाऊन ‘स्पीड सेन्सर द्या’ म्हटलं, की समोर पाच वेगवेगळ्या वस्तू मांडल्या जातात. एक दहा रुपयांची, एक चारशेची. दुकानदार फसवत नसतो. त्या पाचही वस्तूंनी वेग मोजता येतो.

निवड करायची ती सेन्सरच्या कागदावरच्या गुणांवरून नाही. तो सायकलच्या चिमट्यावर कुठे बसणार, त्याला वीज कोण देणार आणि जुलैच्या पावसात त्याचं काय होणार, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की पाचातले तीन आपोआप बाद होतात.

आधी चाकाचा हिशेब

सातशे बाय पंचवीसच्या टायरचा परीघ साधारण २.१ मीटर असतो. जुन्या अठ्ठावीस बाय दीडच्या चाकाचा २.२ मीटरच्या थोडा वर जातो. स्पोकवर एक चुंबक लावला, की चाकाच्या दर फेरीला सेन्सरकडून एक पल्स मिळतो. दोन पल्समधला वेळ मोजायचा, परिघाला त्या वेळेने भागायचं आणि ३.६ ने गुणायचं. ताशी किलोमीटर हातात. एवढंच गणित आहे.

आता आकडे घाला. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर, म्हणजे चाकाच्या सव्वापाच फेऱ्या. खंबाटकीचा उतार उतरताना कुणी ताशी ६० गाठले तरी सेकंदाला आठ फेऱ्या. यापेक्षा जास्त आपल्याला कधी मोजायचंच नाही. ‘रीड स्विच यांत्रिक असतो, मंद असतो, हॉल सेन्सरच घ्या’ हा सल्ला काउंटरवर हमखास मिळतो. पण साधा रीड स्विचही सेकंदाला शंभराहून जास्त वेळा उघडझाप करू शकतो. तेव्हा सेन्सर किती जलद आहे, हा मुद्दा आपल्यापुरता निकालात निघाला.

परीघ मात्र पुस्तकातून उचलू नका. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, हवा नेहमीएवढी भरा, सायकलवर स्वतः बसा आणि कुणाला तरी धरायला लावून चाक बरोबर एक फेरी पुढे न्या. दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. माणूस बसल्यावर टायर दबतो आणि परीघ थोडा कमी भरतो. परिघात एक टक्का चूक म्हणजे वेगातही एक टक्का चूक. ती कितीही महागडा सेन्सर भरून काढत नाही.

रीड स्विच: स्वस्त, नाजूक आणि तरीही पहिला

काचेची बारीक नळी, आत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पात्या, त्यांची टोकं एकमेकांवर किंचित चढलेली आणि मधे केसभर फट. चुंबक जवळ आला की पात्या चिकटतात, दूर गेला की सुटतात. १९३६ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये वॉल्टर एलवुड यांनी ही वस्तू तयार केली आणि पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ढिगाने वापरली गेली. तयार वायरच्या सायकल कॉम्प्युटरबरोबर चिमट्यावर बसवायला जी काळी डबी येते, तिच्यातही बहुतेक वेळा हीच नळी असते.

सुटी नळी दहा ते वीस रुपयांना मिळते. छोट्या सर्किट बोर्डावर बसवलेली, म्हणजे मॉड्यूल, चाळीस ते साठला. तिसरा एक प्रकार दुकानात वेगळ्याच कप्प्यात असतो: दाराच्या चोरघंटीसाठी मिळणारा एमसी-३८ नावाचा पांढरा प्लॅस्टिकचा जोड, पन्नास ते ऐंशी रुपये. त्याच्या एका तुकड्यात वायरसकट रीड स्विच असतो, दुसऱ्यात चुंबक. काच प्लॅस्टिकमध्ये सुरक्षित असते आणि स्क्रूसाठी भोकंही असतात. त्याच्या चुंबकाचा तुकडा स्पोकला बांधायला फार बोजड पडतो. तो बाजूला ठेवा आणि स्पोकवर छोटा निओडिमियम चुंबक लावा.

रीडला वीज लागत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. दोन वायरी, उलटसुलट कशाही जोडा. एक मायक्रोकंट्रोलरच्या पिनला, एक ग्राउंडला, आणि पिन ते पाच व्होल्ट दहा किलोओहमचा रेझिस्टर. त्या रेझिस्टरला दुकानात एक-दोन रुपये पडतात. ‘पात्या झिजतील’ ही भीतीही अनाठायी आहे. दहा हजार किलोमीटर सायकल चालवली तर स्विच अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास वेळा उघडझाप करेल, आणि इतक्या कमी करंटवर या स्विचचं आयुष्य कोटींमध्ये मोजतात.

दोष तीन आहेत आणि तिन्ही समजून घेतले तरच हा स्विच घ्यावा.

पहिला म्हणजे काच. तिच्या दोन्ही टोकांच्या तारा जाड आणि कडक असतात. त्या हाताने वाकवल्या की काचेच्या तोंडाशी केसासारखी चीर जाते. डोळ्यांना दिसत नाही, मल्टिमीटर लावला तर स्विच चालतोही. आठवडाभराने ओल आत जाते आणि मग तो मनाला येईल तेव्हा चालतो. तार वाकवायची तर काचेपासून तीन-चार मिलिमीटर अंतरावर पकडीने घट्ट धरायची आणि पकडीच्या पलीकडचा भाग वाकवायचा. तोडतानाही तसंच. किमतीकडे पाहून एकदम तीन घ्या. एक हमखास फुटतो.

दुसरा दोष म्हणजे पात्यांचं थरथरणं. त्या एकदम चिकटत नाहीत. मिलिसेकंदाच्या आत दोन-चार वेळा आपटून मग स्थिर होतात, आणि कंट्रोलरला ते चार पल्स दिसतात. मीटर मग गल्लीतल्या सायकलला भलताच वेग दाखवतो. यावर पैसे खर्च करायची गरज नाही. प्रोग्रॅममध्ये लिहायचं, की एक पल्स आल्यावर पुढचे ऐंशी मिलिसेकंद काहीही आलं तरी मोजायचं नाही. २.१ मीटरच्या चाकाला ही मर्यादा ताशी ९४ किलोमीटरला लागते. तिथपर्यंत आपण जात नाही.

तिसरा दोष कुणी सांगत नाही आणि त्यावर सगळ्यात जास्त संध्याकाळी वाया जातात. नाण्यासारख्या चपट्या चुंबकाचं एक ध्रुव-तोंड नळीच्या बरोबर मध्यासमोरून आडवं नेलं, तर स्विच लागतच नाही. दोन्ही पात्यांवर सारखाच परिणाम होतो आणि त्या एकमेकींकडे ओढल्या जात नाहीत. तोच चुंबक नळीच्या एका टोकासमोरून नेला की स्विच पटकन लागतो. आणि चुंबक नळीच्या लांबीला धरून सरकला, तर एका फेरीत दोनदा लागू शकतो. म्हणून चिकटवायच्या आधी मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून, चुंबक सगळ्या बाजूंनी फिरवून पाहा आणि एका फेरीला एकच बीप येते ती जागा पेनने खूण करून ठेवा.

हॉल सेन्सर: नळी नको असेल तर

एडविन हॉल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये दाखवून दिलं, की करंट वाहत असलेल्या पट्टीजवळ चुंबक आणला की पट्टीच्या दोन कडांमध्ये बारीकसा व्होल्टेज तयार होतो. आजचा हॉल सेन्सर त्यावरच चालतो. तीन पायांचा, काळा, ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा तुकडा. हलणारा भाग नाही, थरथर नाही, काच नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर तो रीडपेक्षा निर्धास्त.

बाजारात सर्वाधिक खपतो तो ३१४४. दहा ते तीस रुपयांत सुटा, तीस ते साठमध्ये मॉड्यूल. मूळ कंपनीने तो कधीच बंद केला आहे. आता मिळतात त्या त्याच्या नकला, आणि सायकलच्या कामाला त्या पुरतात. पण तो घेताना चार जागी लक्ष हवं.

एक, त्याला किमान साडेचार व्होल्ट लागतात. एका लिथियम सेलवर, म्हणजे ३.७ व्होल्टवर, तो टेबलावर चालतो आणि सेल उतरला की रस्त्यात रुसतो. म्हणजे पाच व्होल्ट करून देणारा बूस्ट बोर्ड आला, पन्नास ते शंभर रुपये. तीन व्होल्टवर चालणाऱ्या ईएसपी-३२ सारख्या बोर्डाशी जोडायचा असेल तर अडीच व्होल्टपासून चालणारा डीआरव्ही-५०२३ सारखा सेन्सर मागा. तो महाग पडतो आणि प्रत्येक दुकानात नसतो.

दोन, तो चुंबकाचं एकच तोंड ओळखतो. छापील बाजूसमोर दक्षिण ध्रुव यायला हवा. चुंबक उलटा चिकटवला तर काहीच होत नाही आणि माणूस सेन्सर बदलायला परत दुकानात जातो.

तीन, त्याच्यासारखेच दिसणारे भाऊबंद पुष्कळ. ४९ई छापलेला तुकडा आकाराने हुबेहूब तसाच, पण तो चुंबकाच्या जोरानुसार कमी-जास्त व्होल्टेज देतो. चुंबक नसतानाही त्याच्या आउटपुटवर निम्मा व्होल्टेज उभा असतो. आपल्या कामाचा नाही. यूएस-१८८१ छापलेला एकदा लागला की उलटा ध्रुव समोर येईपर्यंत लागलेलाच राहतो. एका चुंबकावर तो पहिल्या फेरीलाच अडकून बसेल. दुकानात हे सगळे एकाच खणात पडलेले असतात, म्हणून छापील आकडा डोळ्यांजवळ धरून वाचा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठा करून वाचला तर आणखी बरं.

चौथी गोष्ट हुशार ग्राहकालाच नडते. ऑनलाइन शोधताना ‘अत्यंत कमी वीज खाणारे’ हॉल सेन्सर दिसतात, काही मायक्रोअँपियरवर चालणारे. मोह होतो. हे सेन्सर वीज वाचवतात ते झोपून. सेकंदाला पाच किंवा वीस वेळा क्षणभर जागे होतात, चुंबक आहे का पाहतात आणि परत झोपतात. लॅपटॉपचं झाकण उघडलं की मिटलं, हे ओळखायला ते उत्तम. आपल्या चाकावर हबपासून वीस सेंटीमीटरवर लावलेला चुंबक ताशी ३० च्या वेगाला सेन्सरसमोरचं एक सेंटीमीटर अंतर दोन मिलिसेकंदांत ओलांडून जातो. सेन्सर जागा होणार पन्नास मिलिसेकंदांतून एकदा. पंचवीस फेऱ्यांतली एखादी त्याला दिसेल. अशा सेन्सरची माहितीपत्रिका उघडून ‘सॅम्पलिंग’ या शब्दापुढचा आकडा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

विजेचं म्हणाल तर साधा ३१४४ पाच-सहा मिलिअँपियर घेतो. आर्डुइनो नॅनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि छोटा ओएलईडी डिस्प्ले मिळून चाळीसच्या आसपास घेतात. त्यापुढे सेन्सरचा खर्च किरकोळ आहे.

बाकीचे तीन

इन्फ्रारेडचं मॉड्यूल तीस ते ऐंशी रुपयांना मिळतं आणि कॉलेजच्या टेबलावर झकास चालतं. रस्त्यावर नाही. दुपारच्या उन्हातही इन्फ्रारेड असतंच, तेच त्याला आंधळं करतं, आणि पहिल्या पावसात चिखलाचा एक शिंतोडा उरलेलं काम करतो. व्यायामाची सायकल घरात, पंख्याखाली असेल तर घ्या. एरवी नाही.

कारखान्यात वापरतात तो प्रॉक्सिमिटी सेन्सर, एलजे-१२ए३ या नावाने दीडशे ते अडीचशेला येतो. धातू ओळखतो, म्हणजे चुंबकच नको, ही कल्पना आकर्षक आहे. पण त्याला किमान सहा व्होल्ट लागतात आणि तो चार मिलिमीटरच्या आत आलेलाच धातू पाहतो, तोही ठसठशीत असेल तर. सायकलच्या बारीक स्पोकला आणखी जवळ जावं लागेल. रिम जरा आउट असली, चाक डोलत असलं, की स्पोक सेन्सरला घासलाच म्हणून समजा.

जीपीएसची गोष्ट वेगळी. निओ-६एम मॉड्यूल अडीचशे ते साडेचारशे रुपयांना. चुंबक नको, चिमट्यावर काही नको, परीघ मोजायला नको. सरळ रस्त्यावर वेगही बऱ्यापैकी खरा देतो. पण नेहमीच्या मांडणीत तो सेकंदाला एकदाच आकडा देतो, सुरू केल्यावर आभाळ शोधायला अर्धा मिनिट किंवा जास्त घेतो, बोगद्यात आणि दाट झाडीखाली चाचपडतो आणि चाळीस-पंचेचाळीस मिलिअँपियर खातो. म्हणजे बॅटरी निम्म्यावर. शिवाय तेवढंच हवं असेल तर तो खिशातल्या फोनमध्ये आधीच आहे, फुकट. वाटेचा नकाशा नोंदवायचा असेल तरच यावर पैसे घाला.

कुणी एमपीयू-६०५० हे जायरोचं मॉड्यूल हबला बांधून फिरण्याचा वेग मोजण्याचं सुचवेल. त्याची कमाल मर्यादा सेकंदाला दोन हजार अंश. ती आपल्या चाकावर ताशी ४२ किलोमीटरला संपते, आणि फिरत्या हबवर बॅटरी नि वायरलेसही चढवावं लागतं. हे काम तयार ब्लूटूथ सेन्सर दीड-दोन हजारांत नीटनेटकं करतात.

खरा खर्च चिमट्यावर होतो

सेन्सर ठरला, की चुंबक. आठ किंवा दहा मिलिमीटर व्यासाचा, दोन मिलिमीटर जाडीचा निओडिमियम चुंबक दहा ते पंचवीस रुपयांना. त्याच्यावरचा निकेलचा मुलामा टवका उडाला की गंजायला लागतो. कोकणात आणि मुंबईत तर एका पावसाळ्यात भुगा होतो. चिकटवल्यावर वरून एपॉक्सीचा थर द्या. तयार सायकल कॉम्प्युटरचा स्क्रूने स्पोकला आवळायचा चुंबक सुटा मिळाला तर तोच घ्या.

जागा हबच्या बाजूला निवडा. हबकडे स्पोक बाहेर झुकलेले असतात, त्यामुळे चिमट्याशी फट कमी राहते. शिवाय तिथे चुंबक हळू फिरतो, सेन्सरला त्याला पाहायला वेळ मिळतो. फट पाच मिलिमीटरच्या आसपास ठेवा. बसवण्यापूर्वी चाक हवेत फिरवून पाहा. डोलत असेल तर आधी सायकलवाल्याकडून आउट काढून घ्या. त्याचे जे काय होतील ते पैसे या खर्चातच धरा.

हळू वेगाला मीटर अडखळतो, ही तक्रार सगळे करतात. ताशी पाच किलोमीटरला दोन पल्समध्ये दीड सेकंद जातो, तेवढा वेळ आकडा गोठून राहतो. सेन्सर बदलून हे सुटत नाही, चुंबक वाढवून सुटतं. पण किती वाढवायचे हे स्पोक मोजून ठरवा. चुंबक एकाच बाजूच्या आणि एकाच दिशेला झुकलेल्या स्पोकांवर लावले तरच ते समान अंतरावर येतात. बत्तीस स्पोकांच्या चाकाला असे आठ स्पोक असतात, म्हणून दोन किंवा चार चुंबक बसतात. छत्तीसच्या चाकाला असे नऊ, म्हणून तिथे तीनच. छत्तीसला चार लावायला गेलात तर अंतरं विषम होतात आणि वेग एकाच फेरीत वर-खाली नाचतो. चुंबक चार झाले की प्रोग्रॅममधले ते ऐंशी मिलिसेकंद वीसवर आणायला विसरू नका.

वायर साधी, एकपदरी घेऊ नका. हँडल वळताना ती महिनाभरात तुटते. माइकसाठी वापरतात ती दोन तारांची, जाळीदार आवरणाची मऊ वायर मीटरला पंधरा-पंचवीस रुपये. रीडला तीच, हॉलला तीन तारांची. चिमट्यापासून हँडलपर्यंत सरळ मोजून एक मीटर पुरते असं वाटतं, प्रत्यक्षात दीड लागते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून मग बांधा. बॉक्समध्ये शिरण्याआधी वायरला खालच्या बाजूने एक झोळ द्या. पाणी तिथून टपकून जातं, आत चढत नाही.

जलरोधक करायला हॉट ग्लू वापरू नका, उन्हात उभी केलेल्या सायकलवर तो मऊ पडून सुटतो. आंबट, व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉनही नको. त्या आम्लाने तांब्याला हिरवा गंज चढतो. दोन नळ्यांची एपॉक्सी, तीस ते साठ रुपये, आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह, मीटरला दहा-वीस. केबल टाय काळे घ्या, पांढरे उन्हाने कडक होऊन तुटतात.

हे सगळं जमवताना दीडशे-दोनशे रुपये जातात आणि एक संध्याकाळ जाते. म्हणूनच माझा पहिला कौल वेगळ्याच वस्तूला आहे. तयार वायरच्या सायकल कॉम्प्युटरचा सुटा सेन्सर संच, म्हणजे काळी डबी, वायर, स्पोकचा चुंबक आणि रबराच्या पट्ट्या, दीडशे ते अडीचशेच्या आसपास मिळतो. सायकल दुरुस्तीवाल्याकडे डिस्प्ले मेलेला जुना कॉम्प्युटर पडलेला असला तर त्याहून स्वस्त. डबीच्या आत साधा रीडच, पण जागा, फट, पाऊस यांचा विचार आधीच झालेला. हँडलकडचा तळ कापा, दोन वायरी सोला, आपल्या बोर्डला जोडा. खरेदीआधी मल्टिमीटरने एवढंच पाहा, की चुंबक समोरून नेल्यावर एकदाच बीप येते.

उरलेल्या बिलात नॅनोचा क्लोन बोर्ड दोनशे ते तीनशे. डिस्प्ले दीडशे ते अडीचशे. इथे ओएलईडीच्या चकाकीला भुलू नका, भर उन्हात तो कोरा दिसतो. मागून प्रकाश न लागणारा साधा एलसीडी, किंवा जुन्या नोकिया फोनमधला ५११० डिस्प्ले, दुपारी जास्त वाचता येतो. लिथियम सेल, चार्जिंग बोर्ड आणि बूस्ट मिळून दोनशे ते तीनशे. १८६५० सेलवर ९८०० एमएएच छापलेलं असेल तर तो तसाच परत ठेवा. या आकाराच्या उत्तमोत्तम सेलची क्षमताही ३५०० च्या आसपास संपते. खऱ्या दोन हजारांच्या सेलवर हा सगळा संच तीसेक तास चालतो. प्लॅस्टिकचा डबा, स्विच, किरकोळ मिळून शंभर-दीडशे. सेन्सरसकट बेरीज आठशे ते साडेबाराशे.

इथले सगळे भाव अंदाजाचे आहेत. दुकानागणिक दहा-वीस टक्के फरक पडतो, आणि जीएसटी किमतीत धरलाय की बिलात वेगळा लागणार, हे आधी विचारलेलं बरं. ऑनलाइन पंधरा रुपयांच्या रीड स्विचला साठ-सत्तर रुपये कुरिअर पडतो. मागवायचंच तर यादी पूर्ण करून एकदम मागवा. बुधवार पेठ किंवा लॅमिंग्टन रोड जवळ असेल तर प्रत्यक्ष जा आणि खिशात छोटा चुंबक व मल्टिमीटर ठेवा. रीड असेल तर बीप ऐका, हॉल असेल तर छापील आकडा वाचा, डबीबंद संच असेल तर वायर मुळापाशी हलवून पाहा. सोल्डरिंग झालेला भाग कुठलाही दुकानदार परत घेत नाही, त्यामुळे जे काय तपासायचं ते काउंटर सोडायच्या आधी तपासा.